तलावाच्या भिंतीवर मुरलीकांत पेटकर, आणि दाराशी पाच पायऱ्या

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब, मा. नगराध्यक्ष
आणि सभागृहातले सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर शेजारच्या चार गावांना वाटलं असतं, चला, हे आपल्याबद्दल नाही. तुम्हाला दुसऱ्या ओळीत कळेलच.

मी बाजारपेठेतल्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, चाकाच्या खुर्चीतला. तुमच्या कार्यालयात येणारे निम्मे अर्ज माझ्याच दुकानात भरले जातात. जन्माचे दाखले, घरपट्टीच्या हरकती, दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे सरकारी ओळखपत्राचे फॉर्म. दुसऱ्यांसाठी अर्ज लिहून लिहून हात बसलाय. स्वतःसाठी तीन लिहिले. तिन्हींच्या पोचेवर तुमचा आवकचा गोल शिक्का आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हा चौथा सगळ्यांसमोर.

गेल्या महिन्यात तुम्ही नगरपरिषदेच्या जलतरण तलावाच्या पुढच्या भिंतीवर पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकणारे मुरलीकांत पेटकर यांचं मोठं चित्र रंगवून घेतलंत. नारळ फुटला, फोटो निघाले, भाषणं झाली. चित्राखाली ठळक अक्षरात जिद्दीबद्दल एक ओळ आहे. चित्राच्या डाव्या हाताला तलावाचं दार, दारापुढे पाच पायऱ्या आणि दाराशेजारी नियमांचा फलक. त्यातला सातवा नियम जसाच्या तसा देतो: 'त्वचारोग, संसर्गजन्य आजार असलेल्या, मद्यपान केलेल्या तसेच दिव्यांग व्यक्तींना सुरक्षेच्या कारणास्तव तलावात प्रवेश नाही.'

बाकीचा फलक ऑइलपेंटनं रंगवलेला आहे. 'तसेच दिव्यांग' एवढेच दोन शब्द नंतर मार्करनं वरून घुसवलेत, खाली बाण काढून. मार्करची शाई मी ओळखतो, धंदाच तो आहे. आणि तो मार्कर कुणामुळे बाहेर निघाला तेही मला माहीत आहे. माझ्यामुळे.

ते आधी सांगतो.

२००९ साली मी मंडप-डेकोरेशनच्या कामावर होतो. लायटिंगच्या माळा बांधताना लग्नाच्या मांडवावरून खाली आलो. लग्न दुसऱ्याचं, आडवा मी. पाठीचा बारावा मणका, डी-१२ गेला. कमरेच्या खाली तेव्हापासून काही कळत नाही, गरम नाही, गार नाही, खिळा टोचला तरी नाही. वय चोवीस होतं. त्याआधी मी पोहणारा पोरगा होतो. आमच्याकडं पोहायला शिकवायची एकच पद्धत, पाठीला डबा बांधायचा आणि थोरल्या कुणीतरी विहिरीच्या काठावरून ढकलून द्यायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला, तिसऱ्या उन्हाळ्यात मोटेच्या धावेवरून सूर मारायला लागलो. पडल्यानंतर विहीर बंद. विहिरीत उतरता आलं असतं कदाचित, वर यायचं कसं?

१४ जून २०२४ ला 'चंदू चॅम्पियन' आला. कबीर खानचा, कार्तिक आर्यनचा. पेटकरांच्या आयुष्यावरचा. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, तुम्ही आम्हा सगळ्यांना सिनेमाचा मोफत खेळ दाखवलात. हेतू चांगला होता, त्याबद्दल आभार आजही मानतो. थिएटरला चौदा पायऱ्या. तुमच्या सफाई खात्यातल्या चार माणसांनी मला खुर्चीसकट वर नेलं, खाली आणलं, आणि चौघांनीही चहा नाकारला. त्यांची नावं मला माहीत आहेत. खुर्ची मधल्या वाटेत ठेवायची नाही असा थिएटरचा नियम, म्हणून मला पडद्यापुढं पहिल्या रांगेच्या कडेला ठेवलं. अख्खा सिनेमा मान वर करून बघितला. दोन दिवस मान दुखत होती, पण दुसरंच काहीतरी जास्त दुखत होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला आठवलं की मला पोहता येतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी तलावाचा महिन्याचा पास काढला. तीस दिवसांचा, सकाळी सहाची बॅच. पास देताना खिडकीवरच्या बाईंनी वर बघितलं नाही, त्यामुळे खुर्ची दिसली नसावी. पहिल्या दिवशी जुन्या मंडपवाल्या तीन मित्रांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाच पायऱ्या चढवल्या आणि तलावाच्या उथळ टोकाला काठावर उतरवलं. बूड घासू नये म्हणून खाली योगाची जाड चटई दुमडून ठेवली होती. हे फाजील लाड नव्हेत. आमच्या अंगाला खरचटलेलं कळत नाही आणि त्याची जखम झाली की सहा सहा महिने भरत नाही. मग पन्हाळीला धरून मी पाण्यात सरकलो.

साहेब, माझे पाय वर आले. एरवी ते खुर्चीच्या पट्टीवर ठेवलेल्या सामानासारखे असतात, मी उचलेन तेव्हा हलतात. पाण्यात ते आपोआप तरंगत माझ्या डोळ्यांसमोर आले. अंगठ्यांची नखं वाढलेली होती, ती दिसली. जीवरक्षक पोरगा पाण्यात माझ्या शेजारी उभा होता. 'काका, हात मारा की,' म्हणाला. मारले. पाय मागून नुसते ओढले जातात, कंबर खाली बसते, श्वास घ्यायला मान वळवली की सगळं अंग कलंडतं. पहिल्या दिवशी रुंदीच पार केली, तीही मधे थांबून. अकराव्या दिवशी पंचवीस मीटरची एक लांबी झाली. किती वेळ लागला ते विचारू नका. काठावर शाळेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या दोघांचे फॉर्म पुढं मीच भरले.

बाराव्या दिवशी फलकावर दोन शब्द वाढले होते.

तुमच्या एका कर्मचाऱ्यानं मला बाजूला घेऊन खरं सांगितलं, म्हणून मला त्याचा राग नाही. 'भाऊ, तुम्हाला पाण्यात काय झालं तर माझी नोकरी जाईल.' त्याची भीती खोटी नाही. तलावावर काही झालं की सगळ्यात खालच्या माणसाला निलंबित करायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. पण भीतीवर औषध म्हणून सरसकट दार बंद करायचं ठरलं, तर तलावाचं पाणीच सोडून द्यावं लागेल. धडधाकट माणसंही बुडतातच.

आता त्या चित्राबद्दल. चित्रकार गुणी आहे, पाणी फार छान काढलंय. पण चित्रातले पेटकर स्टार्टिंग ब्लॉकवर दोन्ही पायांवर उभे राहून सूर मारतायत. मांड्या पिळदार, पोटऱ्या ताठ. साहेब, पेटकर सूर मारून पोहले नाहीत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात राहिली. कमरेखालचं अंग गेलं. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण मिळवलं ते हातांवर. ३७.३३ सेकंद, तेव्हाचा जागतिक विक्रम. तुम्ही ज्या गोष्टीसाठी त्यांना भिंतीवर घेतलंत, नेमकी तीच चित्रातून गाळलीत.

माझ्या दुकानात नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर येते. जन्मापासून हातपाय कडक आहेत, वॉकर धरून चालते. फिजिओथेरपिस्टनं पाण्यातला व्यायाम सांगितलाय. आई तिला घेऊन तुमच्या तलावावर गेली होती, सातव्या नियमानं परत आली. परतताना पोरीनं चित्राकडं बघून विचारलं, 'आई, ह्याला कुठं काय झालंय?' आईनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. मग ती फॉर्मवर सही करत बसली आणि मी उगाचच मशीनमध्ये कागद भरत बसलो.

चित्र पुसा असं मी म्हणत नाही. त्यावर खर्च किती झाला तेही इथं काढत नाही. पण पेटकर हे नाव घेतलंय, तर ते काय नाव आहे ते सभागृहाला माहीत असावं, म्हणून थोडं लिहितो.

पेटकर आपल्याच भागातले, पेठ-इस्लामपूरकडचे. सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते, बॉक्सिंग करायचे. जखमी झाल्यावर मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार झाले आणि तिथं व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात सोडलं. पदकासाठी नव्हे, हे ध्यानात घ्या. फिजिओथेरपीसाठी. म्हणजे त्या दिवशी त्या रुग्णालयात तलाव होता, त्यांना तलावापर्यंत नेणारी माणसं होती, पाण्यात उतरवणारे हात होते, आणि 'काही झालं तर जबाबदार कोण' असं विचारून दार लावून घेणारं कुणी नव्हतं. १९६८ मध्ये ते तेल अवीवच्या पॅरालिंपिकला गेले ते टेबल टेनिस खेळायला. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत क्रिकेटपटू विजय मर्चंट होते. हायडेलबर्गला पोहण्याशिवाय भालाफेकीत आणि स्लॅलममध्ये, म्हणजे चाकाच्या खुर्चीच्या वळणाच्या शर्यतीतही ते उतरले. नंतर पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये नोकरी केली.

नेमबाज अभिनव बिंद्रानं ऑलिंपिकमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं २००८ साली. पेटकरांचं पॅरालिंपिक सुवर्ण त्याच्या ३६ वर्षं आधीचं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. अर्जुन जीवनगौरव मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, सिनेमा आल्यावर सात महिन्यांनी. सिनेमामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही. पण ह्या तारखा एकाखाली एक लिहून बघा, आमच्या दुकानात आकडेमोड फुकट करून मिळते.

आणि एक आकडा जास्त महत्त्वाचा. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये भारताला २९ पदकं मिळाली. सगळ्या देशानं डोक्यावर घेतलं, रास्तच होतं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी भागाच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्य आणलं, १६.३२ मीटर. पण त्या २९ मध्ये पोहण्याचं एकही नाही. पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात भारताला आजवर मिळालेलं पदक एकच आहे. ते १९७२ चं. पेटकरांचं. बावन्न वर्षांत दुसरं नाही.

का नाही, ह्यावर दिल्लीत समित्या बसत असतील. मला तिथलं कळत नाही. गोळा फेकायला शाळेचं पटांगण चालतं. पोहायला पाणी लागतं, आणि पाण्यापर्यंत जायला वाट लागते. आमच्या गावातलं उत्तर माझ्यापुरतं मला माहीत आहे: पाच पायऱ्या आणि दोन शब्द.

आता तक्रारी. लांबण लावत नाही, जिथं लागेल तिथंच लावतो.

पहिली सातव्या नियमाची. 'दिव्यांग' हा एक शब्द लिहून तुम्ही कुणाकुणाला बाहेर काढलंत ते बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचा सुयश जाधव, विजेच्या धक्क्यानं लहानपणी दोन्ही हात गमावलेला, २०१८ च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण त्याचं, पुढं अर्जुन पुरस्कार. त्याला पायऱ्यांची अडचण नाही, नियमाची आहे. कांचनमाला पांडे, जन्मापासून दिसत नाही, २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायच्या शर्यतीचं सुवर्ण. तिलाही तुमच्या तलावात पाय ठेवता येणार नाही. हे दोघं उद्या आपल्या गावात आले तर तुम्ही त्यांचा सत्कार कराल, शाल-श्रीफळ द्याल, आणि फलकाप्रमाणे तलावाच्या बाहेरूनच परत पाठवाल. खुद्द पेटकर आले तरी तेच. पॅरा जलतरणात एस१ ते एस१४ असे गट आहेत: पहिले दहा शारीरिक, नंतरचे तीन दृष्टीचे, शेवटचा बौद्धिक. चौदा प्रकारची माणसं पाण्यात काय करू शकतात हे बघून ठरवलेली पद्धत आहे ती. तुम्ही चौदाही गट एका मार्करनं निकालात काढलेत, तेही दारू प्यायलेल्यांच्या शेजारी बसवून.

दुसरी पायऱ्यांची. तलावाला उतार नाही असं नाही. आहे. मागच्या बाजूला, क्लोरीनचे ड्रम ढकलत न्यायला, सिमेंटचा. खडा चढ आहे, त्यावरून खुर्ची एकट्यानं नेली तर मागं उलटेल. पण ड्रमची सोय बघणाऱ्या माणसाला उतार म्हणजे काय ते ठाऊक होतं, एवढं त्यातून कळतं. पुढच्या पायऱ्या प्रत्येकी साधारण १५ सेंटीमीटरच्या, म्हणजे एकूण उंची ७५. एकास बारा हा मान्य उतार धरला तर ९ मीटरचा रॅम्प लागतो, तीस फूट. पुढं मोटारसायकली लावायची जागा दुकानातल्या पोराकडून टेप धरून मोजून घेतली, पंचेचाळीस फूट भरली. दोन गाड्या हलवाव्या लागतील. त्यातली एक माझ्या मित्राची आहे, तो हलवेल.

तिसरी कपडे बदलायच्या खोलीची. दार चोवीस इंची, माझी खुर्ची पंचवीस. एका इंचानं मी अकरा दिवस उघड्यावर टॉवेल लावून कपडे बदलले. पुरुष आहे, खपून गेलं. त्या नऊ वर्षांच्या पोरीचं काय, आणि ती मोठी झाल्यावर काय? संडासाचं दारही तेवढंच. ज्याला लघवीचं कळत नाही अशा माणसाला संडास न देता पाण्यात कसं सोडायचं, असा प्रश्न तुमच्या कर्मचाऱ्यानं विचारला. प्रश्न योग्य आहे. उत्तर दाराच्या मापात आहे.

चौथी पैशांची. नगरपरिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मार्चअखेर आमच्या खात्यांवर काही रक्कम जमा होते. आम्ही ती घेतो, गरज असते, नाही म्हणण्यासारखी कुणाचीच परिस्थिती नाही. पण सगळा निधी वाटून टाकला की उतार, दार, कठडा ह्यांना काही उरत नाही आणि पुढच्या मार्चपर्यंत आम्ही पुन्हा घरात. हिशेब मागितला तर 'सभेपुढं आहे' असं सांगतात. सभेपुढं तो किती वर्षं आहे?

पाचवी जिद्दीची. ही तक्रार अर्जात बसत नाही, तरी लिहितो. ३ डिसेंबरच्या सिनेमाआधी जी भाषणं झाली त्यात जिद्द हा शब्द मी मोजला. पंधरापर्यंत मोजून सोडून दिलं. जिद्द तुम्हा सगळ्यांना आवडते, कारण तिला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. माझ्याकडं जिद्द आहे की नाही मला ठाऊक नाही. मला सकाळी सहाला पोहायचं आहे आणि साडेसातला दुकान उघडायचं आहे.

कायद्याचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. नियम जून २०१७ मध्ये आले. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत वापरण्याजोग्या करायच्या होत्या, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. खेळाच्या जागा आणि क्रीडा उपक्रम दिव्यांगांना खुले असावेत असंही त्याच कायद्यात आहे, कलम ३०. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की ह्या सोयींचे नियम सूचना म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे करा. कायद्यात दंडाचीही तरतूद आहे. मला दंड नको. दंड भरला तरी तो शेवटी माझ्याच घरपट्टीतून जाणार.

मला काय हवंय ते आता सरळ लिहितो.

सातव्या नियमातले ते दोन शब्द पुसा. थिनरनं पुसले जातात, बाटली माझ्या दुकानात आहे. हे आजच्या आज होतं, ह्याला सभा लागत नाही. त्याजागी डॉक्टरांचा दाखला मागा. फिट येत असेल, अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी सोडू नका, आम्ही ऐकू. सोबत एक माणूस आणा म्हणालात तर तेही चालेल, पण हमीपत्राच्या नावाखाली 'मेलो तर नगरपरिषद जबाबदार नाही' असं लिहून घेऊ नका. तसं तुम्ही दुसऱ्या कुणाकडून घेत नाही.

पुढच्या दाराला एकास बाराचा रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा. एक कपड्यांची खोली आणि एक संडास ९०० मिलिमीटर दाराचा. पाण्यात उतरायला हाताने फिरवायची खुर्ची-लिफ्ट मिळते, ती नाही परवडली तर काठापासून पाण्यात उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्यांचं स्टीलचं बाकडं बनवता येतं. बसून एकेक पायरी खाली सरकायचं, तसंच वर यायचं. एमआयडीसीतला फॅब्रिकेटर ते करायला तयार आहे, रेखाचित्र मी काढून दिलं आहे, तिसऱ्या अर्जाला जोडलेलं. बघा सापडतं का.

जीवरक्षक पोरांना आमच्यासारख्यांना कसं धरायचं, कसं उचलायचं हे फिजिओथेरपिस्टकडून दोन दिवस शिकवा. त्या पोरानं मला न शिकता बगलेखालून बरोबर धरलं होतं. त्याची बदली केल्याचं कळलं. माझ्यामुळे झाली असेल तर ती रद्द करा, ही मागणी बाकी सगळ्यांच्या वर धरा.

५ टक्के निधीचा गेल्या तीन वर्षांचा हिशेब नगरपरिषदेच्या फलकावर लावा. झेरॉक्स मी मोफत काढून देतो, कितीही प्रती.

आणि दुपारी दोनची वेळ फक्त दिव्यांगांसाठी राखीव, असं काही करणार असाल तर कृपया करू नका. दुपारी दोनला ऊन असतं आणि आम्हालाही कामं असतात. आम्हाला त्याच बॅचला, त्याच पाण्यात सोडा. पोरं टाळ्या वाजवतात ते चालतं, काही दिवसांनी तीही थांबतील.

चित्राचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. चित्रकाराला मी भेटलो. तो म्हणाला, सिनेमाचं पोस्टर बघून काढलं, कुणी सांगितलंच नाही. सांगितलं तर पाय पाण्याखाली नेतो म्हणाला, एका दिवसाचं काम आहे, पैसे नकोत.

येत्या सोमवारी सकाळी पावणेसहाला मी तलावाच्या पुढच्या दाराशी येतोय. हा मोर्चा नाही, घोषणा नाहीत, पत्रकारांना बोलावलेलं नाही. सोबत मंडपवाले तीन मित्र, योगाची चटई आणि डॉक्टरांचा दाखला असेल. नवीन पावती फाडायची गरज नाही. जुन्या पासाचे एकोणीस दिवस शिल्लक आहेत.

आपला,
बाजारपेठ कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला